ग्वेन ट्रेजाइझचा उड्यांचा तास

ग्वेन ट्रेजाइझ आमच्या शाळेत खेळाची बाई झाली ती दुसरं कुणी तयार होईना म्हणून. शाळा तशी छोटी. ब्याण्णव मुलं, सहा शिक्षक, मागे मैदान, आणि मैदानाच्या कुंपणापासून पार समुद्रापर्यंत बार्लीची शेतं. आधीचे खेळाचे मास्तर ॲडलेडला निघून गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी मीटिंगमध्ये विचारलं, "कोण घेतंय?" सगळ्यांनी चहाच्या कपात माना घातल्या. ग्वेन नेमकी बिस्किटं घ्यायला उठली होती. उभी दिसली म्हणून तिचंच नाव लिहिलं गेलं.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "नेरिडा, मला बॉल झेलता येत नाही गं."

"काहीतरीच."

"खरंच. तो बिस्किटांचा पुडा टाक माझ्याकडे."

मी टाकला. तो तिच्या खांद्यावर आपटून खाली पडला. तिचे दोन्ही हात तिने तोंडासमोर धरले होते आणि डोळे गच्च मिटले होते. तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती.

तिचे वडील मेंढ्या कातरायचे, आज या गावात तर उद्या त्या. लहानपणी तिला दर वर्षी नवी शाळा. खेळाच्या तासाला दोन कप्तान आपापले गडी निवडायचे, त्यात ही शेवटची. एकदा तर हाताला प्लास्टर असलेली मुलगी हिच्या आधी निवडली गेली. हे सांगताना ती स्वतःच पोट धरून हसायची, पण शाळेत असताना ती मैदानाच्या त्या टोकाला जाऊन उभी राहायची, जिथे बॉल येण्याची शक्यता नसते.

सरकारने तिला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला ॲडलेडला पाठवलं. मी तिला आणायला बसस्टॉपवर गेले, तर गाडीत बसायच्या आधीच तिचं सुरू झालं.

"पहिल्याच सकाळी शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला सांगितलं, जो हात तुम्ही वापरत नाही त्या हाताने बॉल फेका. नेरिडा, तिथे एक गडी होता, राज्याच्या संघातून क्रिकेट खेळलेला. त्याने डाव्या हाताने फेकला आणि बॉल त्याच्याच पायावर पडला! सगळे माझ्यासारखे दिसत होते. अगदी माझ्यासारखे."

मी गाडी सुरू केली. शेतं मागे पडत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "चाळीस वर्षं मला वाटत होतं की माझी घडणच चुकली आहे. अगं, मला कुणी शिकवलंच नव्हतं."

त्या हिवाळ्यात शाळा सुटल्यावर आम्ही दोघी स्टोअररूमच्या मागे जायचो. मी गुंडाळलेले मोजे फेकायचे, ती झेलायची. डोळे उघडे ठेवायला तिला तीन आठवडे लागले.

मुलांना तिने शिकवलं ते याच रस्त्याने. आधी पातळ रुमाल हवेत उडवायचा आणि पकडायचा. मग फुगा. मग मोजे, आणि बॉल सगळ्यांत शेवटी. एका पायावर उभं राहणं, लंगडी, दोन पायांनी उडी मारून न धडपडता खाली येणं, हे सगळं ती इतक्या सावकाश शिकवायची की फुटबॉल क्लबातल्या म्हाताऱ्यांना राहवत नसे. क्लॅरी हॉकिंग कुंपणावर कोपरं टेकून ओरडायचा, "काय ग्वेन, अजून फुगेच चाललेत का? शनिवारच्या मॅचला केक पण कापणार का?"

"फुगा हळू पडतो, क्लॅरी. पोराला विचार करायला वेळ मिळतो. तुझ्या संघालाही देऊन बघ एखादा."

तिच्याकडे एक जाड वही होती. प्रत्येक मुलाचं एक पान. तासाला ती सगळ्यांकडे बघायची नाही. आज या पाच जणांच्या लंगड्या, उद्या त्या सहा जणांचे फेकलेले बॉल. कोणता पाय, किती वेळ, हात कुठे होते. मी तिला चिडवायचे की गावात पोलिसांकडेही एवढी माहिती नसेल.

अकरा वर्षं असंच चाललं. मग टॅमसिनचं वर्ष आलं.

टॅमसिन माझ्या वर्गात होती. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, सदा बडबड. तिची आई केरिन बेकरीत कामाला आणि बाप डेल धान्याचा ट्रक चालवायचा. मे महिन्यात टॅमसिन डाव्या पायावर सलग बारा उड्या मारायला शिकली. त्या दिवशी ती वर्गात आली तीसुद्धा लंगडी घालतच. मी तिला ओरडले नाही, कारण दारातून ग्वेन माझ्याकडे डोळे वटारून बघत होती.

ऑगस्टच्या ऐन थंडीत एका दुपारी ग्वेन शिक्षकांच्या खोलीत आली. बाहेर समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता. तिने अंगातला कोटही काढला नाही.

"टॅमसिन वर्गात कशी लिहिते आहे?"

"गचाळ," मी म्हणाले. "मागच्या सत्रात किती सुंदर अक्षर होतं. आता सगळं रेघेच्या खाली. कालच वहीत लाल शाईने लिहून दिलं मी, जरा लक्ष दे म्हणून."

ग्वेनने वही माझ्यापुढे ठेवली. मे महिन्यात डाव्या पायावर बारा उड्या. जूनअखेर सात. जुलैच्या शेवटी दोन, त्याही हात पसरून. आज एकही नाही. त्याखाली लिहिलं होतं, पाय फाकवून चालते, डाव्या हाताने रुमाल धरायला गेली की हात पुढे निघून जातो.

"मुलं शिकलेलं विसरतात ना," मी म्हणाले.

"कविता विसरतात. लंगडी नाही विसरत." ती खिडकीतून बाहेर बघत होती. "आणि ती आळस करत नव्हती, नेरिडा. ती माझ्याकडे बघत होती. आपल्या पायाला काय झालंय हे मला ठाऊक असेल, असं तिला वाटत होतं."

वहीतली माझी ती लाल ओळ माझ्या डोळ्यांसमोर आली.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी बेकरीत गेलो. केरिन ट्रे पुसत होती. ग्वेनचं बोलणं ऐकता ऐकता तिचा चेहरा ताठ होत गेला.

"डॉक्टरांकडे दोनदा नेलं मी. सकाळी उलटी करते आणि दहा वाजता टोस्ट मागते. ते म्हणाले शाळेचा कंटाळा असेल, होईल कमी. आणि आता तू उड्यांचं घेऊन आलीस. सगळ्या पोरींना उड्या मारता आल्याच पाहिजेत का, ग्वेन?"

"अजिबात नाही. मलाही येत नव्हत्या." ग्वेनचा आवाज फार हळू होता. "पण हिला येत होत्या, केरिन. येत होतं ते येईनासं का झालं, एवढंच मला कळत नाही."

केरिनच्या हातातलं फडकं थांबलं. ती म्हणाली, "रविवारी ती दुधाचा ग्लास घ्यायला गेली आणि तिने तो टेबलावरून ढकललाच. मी तिला रागावले." आणि मग तिने काउंटरमागच्या स्टुलावर बसून तोंडाला ॲप्रन लावला.

ग्वेनने त्या पानाची नीट नक्कल करून दिली, तारखांसकट. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. डॉक्टर वाईट नव्हते. सकाळची उलटी आणि शाळेचा कंटाळा त्यांनी शंभर मुलांत पाहिला होता, हे असं पान पाहिलं नव्हतं. त्यांनी टॅमसिनला पट्ट्यांच्या फरशीवरून एका रेघेत चालायला सांगितलं. चार पावलांत ती डावीकडे भिंतीला टेकली. त्यांनी तिथूनच ॲडलेडच्या मोठ्या इस्पितळात फोन लावला. डेलने ट्रक कोठारापाशी तसाच सोडला आणि दोन तासांचा रस्ता गाडी हाकत पोरीला घेऊन गेला.

मेंदूच्या मागच्या भागात, जिथून तोल सांभाळला जातो तिथे, गाठ होती. सात तास शस्त्रक्रिया चालली. गाठ सगळी निघाली, आणि ती परत वाढणाऱ्यातली नव्हती. केरिनचा फोन आला तेव्हा ग्वेन मैदानात पहिलीच्या मुलांना रुमाल वाटत होती. मी धावत जाऊन सांगितलं. तिने मान हलवली, उरलेले रुमाल वाटून संपवले आणि मग स्टोअररूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. मुलांना मीच पुढे खेळवलं, आणि फार वाईट खेळवलं.

त्यानंतर दर शनिवारी ग्वेन ॲडलेडला जायची. पहिल्या वेळी फुग्यांचं पाकीट नेलं, तर नर्सने दारातच अडवलं, वॉर्डात फुगे चालत नाहीत. मग तिने गळ्यातला स्कार्फ काढला. टॅमसिन उशांना टेकून बसलेली, डोकं पट्ट्यांत. स्कार्फ तिच्या हातून पहिल्या दिवशी नऊ वेळा निसटला.

"मिस, मी सगळं विसरले," ती म्हणाली.

"मग आपण परत सुरू करू. मला तर तुझ्यापेक्षा खूप उशिरा यायला लागलं होतं."

"किती वर्षांच्या होतात तुम्ही?"

"एक्केचाळीस."

टॅमसिनने खूप वेळ तिच्याकडे बघितलं. "बापरे," ती म्हणाली, "तुम्ही तर म्हाताऱ्याच होतात."

फेब्रुवारीत टॅमसिन चाकांचा वॉकर ढकलत शाळेत परतली. मी तिला आधी वर्गात बोलावलं आणि त्या लाल ओळीबद्दल माफी मागितली. तिला ती ओळ आठवतही नव्हती. मला मात्र आठवते. ग्वेनने त्या वर्षी सगळ्या वर्गाला जमिनीवरचे खेळ दिले. लोळणं, रांगणं, बसून झेलणं. टॅमसिनसाठी म्हणून काही वेगळं आहे, हे एकाही मुलाला कळलं नाही. जूनमध्ये वॉकर सुटला. उजव्या पायावरची लंगडी पुढच्या वर्षी आली. डाव्या पायावरची कधीच आली नाही, आणि ग्वेनने त्यासाठी टॅमसिनच्या मागे लागणं एक दिवस सोडून दिलं. "तिला जिथे जायचं आहे तिथे ती पोचते," ती म्हणाली. "माझं काम तेवढंच."

क्लॅरी त्यानंतर कुंपणाशी यायचा, पण ओरडायचा नाही. एकदा नातीला घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "हिची जरा बघ ना, ग्वेन. पळताना पाय असा टाकते." ग्वेनने बघितलं. बूट उलटे घातले होते.

ग्वेन आता निवृत्त आहे. मागच्या जानेवारीत ओहोटीच्या वेळी आम्ही खेकडे पकडायला गेलो होतो, मी, ती आणि टॅमसिन. टॅमसिन चौदा वर्षांची झाली आहे, आईपेक्षा उंच, अजूनही पाय जरा फाकवून चालते. गुडघाभर पाण्यात वाळू सरकते, तिथे कुणाचाही तोल जातो. मी दोनदा तिला हात द्यायला पुढे झाले आणि दोन्ही वेळा ग्वेनने माझी बाही मागे ओढली. एकदा एक मोठा निळा खेकडा दिसला, टॅमसिन खेकडे ओढायचं लांब दांड्याचं दाताळं घेऊन त्याच्यामागे झेपावली आणि सपशेल पाण्यात आडवी झाली. खेकडा गेला. ती नाकातोंडातलं पाणी थुंकत हसत उठली, टोपी शोधून डोक्यावर ठेवली आणि आमच्याकडे न बघता पुढे चालू लागली.