बायचा निवलेला भात

वाफाळतं ताट समोर आलं की बाय ते हाताने लांब सारायची. "निवू दे गो," म्हणायची आणि भात निवेपर्यंत माहेरच्या गप्पा सुरू. बाय म्हणजे माझ्या सासूबाई. आसनगावजवळच्या आमच्या पाड्यात सगळेच त्यांना बाय म्हणत, मीही. त्या गप्पांसाठी आजही जीव तुटतो.

नव्वदच्या दशकात बायचे पाय अधूनमधून दगा देऊ लागले. कल्याणच्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणून सांगितलं. नाव पाड्यात कुणाच्या जिभेवर बसेना, पथ्य मात्र प्रत्येकीला ठाऊक! एकीने वांगं बंद केलं, दुसरीने सुकी मासळी, तिसरीने भात. बाय सगळ्यांना "बरं गो" म्हणायची आणि वाळत चालली. शेवटी डॉक्टरच चिडले. "पथ्याने हा आजार जात नाही. भाकरी, भाजी, मासळी, सगळं खा. फक्त अंग तापू देऊ नका, उष्म्याने पाय ढिले पडतात."

"आयकलंस ना? माजे बोंबील सुटले!" बाय मला म्हणाली.

तेव्हापासून मी तिला चुलीपासून लांब, ओटीवर निवलेलं अन्न वाढू लागले. आजारी सासूला गार जेवण! बोलणारी तोंडं कमी नव्हती. ते मुरबाडला तिच्या भावाच्या कानावर गेलं आणि मामा ऐन वैशाखात जीप घेऊन हजर झाले. डॉक्टरांचं सांगणं मी त्यांना परोपरीने सांगितलं.

"गरम अन्नानं कोनाचं वाईट झालंय? भैनीला चार दिस माज्याकडं नीट खाऊ दे," मामा म्हणाले. भावाचं मन मोडणं बायला कधी जमलं नाही. ती जीपमध्ये बसली.

मामा तिला चुलीपुढेच पाटावर बसवत. तव्यावरची भाकरी, उकळतं कालवण, वर आग्रह. आठवड्याच्या आत तिला उचलून परत आणावं लागलं. आजार बळावला, असंच मामा समजले. माझा संताप संताप झाला. मी निरोप धाडायला निघाले तर बायने हात धरला.

"त्याला सांगू नको गो. पिरमानं वाढलं त्यानं. समजलं तर जलमभर घास उतरायचा नाय त्याच्या गळ्याखाली."

मी शब्द दिला. गार फडकी, सावली, निवलेली पेज. हळूहळू बाय काठी धरून पुन्हा अंगणात आली. पुढे बरीच वर्षं ती आम्हाला लाभली, आणि एका थंडीत न्यूमोनियाने गेली.

दहाव्याला घर भरलं होतं. मामा हुंदके देत सगळ्यांसमोर म्हणाले, "शेवटी तरी माज्या भैनीला गरम वाढायचं होतंस, सूनबाय."

आमचे हे उसळून उठले. मी त्यांना हाताने खाली बसवलं.

"चुकलंच माझं, मामा," मी म्हटलं.