ऑक्सिजन घेऊन आल्यावरची झोप

मधुमेहामुळे बाबांच्या पायाची जखम भरेना, तेव्हा सर्जननी ऑक्सिजनचं यंत्र सुचवलं. आमच्याच शहरातल्या गोरखपूर भागात एका केंद्रात बाबांना बंद नळकांड्यात झोपवत, आतला दाब वाढवत आणि शुद्ध ऑक्सिजन देत. बाहेर आल्यावर एकच प्रश्न, "बाबूजी, कान खुले हैं?" बाबा मान हलवायचे. झाली चौकशी!

घरी येऊन वरणभात आणि मग डाव्या कुशीवर वामकुक्षी. जग इकडचं तिकडे झालं तरी आमच्या घरात ती चुकत नाही. एका दुपारी बाबा उठले ते कानावर हात धरूनच. "काहून दडपून राहिलं गं? दुखूनही राहिलं."

मी केंद्राला फोन लावला. "मशीन में दर्द हुआ क्या? नहीं ना? फिर उमर का है।" वय! सकाळी नीट ऐकणाऱ्या माणसाचं दुपारी वय होतं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बाबा मात्र हबकले. "पाय वाचवता वाचवता बहिरा होईन मी," म्हणत त्यांनी तिकडे जायचंच सोडलं. मी रागावले, पण ठामपणे सांगू काय?

सदर भागातल्या कानाच्या डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत आठवडा गेला. त्यांना ऐकताच कळलं. पडद्यामागे हवेऐवजी ऑक्सिजन भरतो. शरीर तो शोषून घेतं, तिथला दाब उतरतो आणि पडदा आत ओढला जातो. जागेपणी आपण गिळतो, जांभया देतो, त्यानं हवा आत जाते. झोपेत गिळणं फार कमी होतं. "आल्या आल्या झोपू नका, अधूनमधून आवंढा गिळा," एवढंच ते म्हणाले.

कान बरा झाला. पण मधल्या खाड्यात पायाचा अंगठा काळा पडला आणि कापावा लागला. सर्जन म्हणतात, तो तसाही गेला असता कदाचित. असेल. पण कदाचित राहिलाही असता.

टाके निघाल्यावर बाबांना ऑटोत बसवून मी केंद्रात शिरले. झोपू नका, एवढं सांगायला काय झालं होतं? तिथला व्यवस्थापक शांतपणे म्हणाला, "दीदी, ये तो बहुतों को होता है। पहले से बता दें तो लोग डर के आते ही नहीं।"

मी तरातरा बाहेर येऊन ऑटोत बसले. बाबा म्हणाले, "भांडू नको गं. चूक माझीच. मीच घाबरलो."

"तुमची नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की ऑटोवाल्यानं मागे वळून पाहिलं.