बोंबलत पळणारा पंढरी

पंढरी भित्रा होता आणि त्याला त्याची तिळमात्र लाज नव्हती. बैल उधळला, साप निघाला, नसबंदीची जीप आली, की जळकोटजवळच्या त्या गावात पहिला पळणार तो पंढरी. स्वतःच्या लग्नात फटाका वाजला तेव्हा तो बाशिंगासकट पळाला होता. पण गुपचूप तो कधीच पळाला नाही. "पळा रे, पळा!" अशी गावभर ऐकू जाईल इतकी बोंब ठोकत पळायचा. लग्नातही वऱ्हाडाला सांगायला विसरला नव्हता.

पारावर कुणी टिंगल केली की तो टिटवीवर घसरायचा. "टिटवी जिवाला भिती, मंग गपचिप उडून जावं ना तिनं. वरडती कामून? त्याचाच इचार करून राहिलो."

"घसा खाजत आसंल," मुकादम व्यंकटी म्हणायचा.

चार वर्षांपूर्वी उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला तेव्हा गावात गूळ वाटला होता. कचेरी जवळ आली, आता सगळंच जवळ येईल, असा लोकांचा होरा. जीपगाड्या आल्या, पाऊस मात्र जुन्याच जिल्ह्यात राहिला असावा, आणि तिथेही तो कुणाला दिसला नव्हता. मग रोजगार हमीवर गावची जुनी पायऱ्यांची विहीर खोल करायचं काम निघालं. व्यंकटीच्या हाताखाली सात-आठ माणसं, त्यात पंढरी आणि त्याची थोरली भावजय सरजाबाई. आई लवकर गेल्यामुळे पंढरीला तिनंच वाढवलं होतं, म्हणून त्याला शिव्या द्यायचा पहिला हक्कही तिचाच. वर कुत्री भाकरी राहू देत नसत, तेव्हा सगळ्यांची गाठोडी विहिरीच्या तळाशी, गारव्याला, एका कोनाड्यात असत.

विहिरीच्या कपारीतले पारवे वैशाखाच्या दुपारी कधी बाहेर पडत नसत. त्या दिवशी मात्र एकूण एक फडफडत वर गेले. पाठोपाठ पंढरीच्या मानेवर भुरभुर माती पडली. त्यानं टोपलं टाकलं आणि "पळा रे, इहीर ढासळती!" म्हणत पायऱ्या चढत सुटला.

खाली सगळे खो खो हसले. कालच तो एका सरड्यापायी असाच वर गेला होता. "भाऊजी, येताना पानी आना!" सरजाबाई ओरडली.

काठावर पोचून पंढरी थांबला. जीव वाचला होता, पण मागे एकही माणूस नव्हतं. खाली कुदळी चालूच होत्या. तो आणखी दोनदा बोंबलला. खाली आणखी दोनदा हशा झाला. मग तो परत खाली उतरू लागला. पायरीगणिक "मेलो, मेलो" चाललं होतं. तळाशी आल्यावर त्यानं कोनाड्यातली सगळी गाठोडी काखेत मारली आणि पुन्हा वर धूम ठोकली.

विहीर पडते म्हटल्यावर जे जागचे हलले नव्हते, ते भाकरी चालली म्हटल्यावर एका दमात पायऱ्या चढले. व्यंकटी पुढे, आणि हातात चप्पल घेऊन सरजाबाई त्याच्याही पुढे. लिंबाखाली गाठून सगळ्यांनी पंढरीला मनसोक्त बडवलं. सरजाबाईचा चौथा तडाखा अजून हवेतच होता आणि मागे धाडकन आवाज झाला. विहिरीची उगवतीकडची बाजू आत बसली होती. टोपली, कुदळी, कोनाडा, सगळं गाडलं गेलं.

व्यंकटीनं भराभर माणसं मोजली. सरजाबाईनं चप्पल टाकली आणि जिथे मारलं होतं तिथेच हात फिरवत ती रडू लागली.

"आरं, वर पोचला व्हतास की," व्यंकटी म्हणाला. "एवढा भित्रा तू. मंग परत खाली कामून आलास? भ्याव न्हाई वाटलं?"

पंढरीनं सुजलेला कान चोळला.

"टिटवी कामून वरडती ते आज कळलं," तो म्हणाला. "खाली व्हतो तवा थोडंच भ्याव वाटलं. वर येऊन बघतो तर मी एकलाच. मंग लईच भ्यालो."