सासूबाईंसाठी उंच केलेली जीप

मैत्रिणींनो, आज जीव उदास आहे, म्हणून इथं लिहितेय.

सासूबाईंची एकच इच्छा, गावच्या डोंगरावरच्या देवीची ओटी भरायची. वर जायला नुसती दगडांची वाट. म्हणून यांनी इथं, नल्लकुंट्यातल्या आमच्या हैदराबादी घराच्या अंगणात जुनी जीप खोलली. इथलं राज्य वेगळं होण्याआधी, म्हणजे कित्येक वर्षांपूर्वी सुरू केलेलं काम आज संपलं. खालून दगड लागू नयेत म्हणून जीप उंच केली, मोठी चाकं घातली.

सकाळी नारळ फोडला. सासूबाईंनी नवं लुगडं नेसून ओटीचं ताट सीटवर ठेवलं. पण पाय काही वर जाईना. स्टूल ठेवलं, तरी गुडघा वाकेना.

जीपच्या कामाला मदत करणारे वेल्डिंगवाले चाचा म्हणाले, "अम्मा, हल्लू चढो, मैं पकडतूं."

"नक्को बाबा." मग यांना म्हणाल्या, "अरे, मला डोंगर चढवणार होतास. आता जीपच डोंगर झाली."

"परत खाली घेतो, आई."

"मग दगड लागतील ना रे."

हे चाकाजवळ बसूनच राहिले. सासूबाईंना एकदा बसवून बघा, असं इतक्या दिवसांत मलाही सुचलं नाही. मी रोज देवाला मात्र सांगत होते, गाडी लवकर होऊ दे.

सासूबाईंनी लुगडं बदललं. ताट अजून सीटवरच आहे. ते आत आणायला मन धजत नाही. तुम्ही आणलं असतं का?