मामा, मुहूर्त आणि बिनहवेचं चाक

टायरचा निर्णय बायकोला विचारून घ्यायचा नसतो असं माझं मत होतं, आणि जे झालं ते होऊनही माझं मत तेच आहे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा गडचांदूरच्या एका शाळेत गणित शिकवायचो. दारात एक छोटी पांढरी गाडी होती, दुसऱ्याने वापरून सोडलेली, पण मी रोज पुसत असलेली. तिचे चारही टायर पार टकले झाले होते. साधे टायर गावातच मिळत होते. पण मी पडलो वाचणारा माणूस! (वाचणारा म्हणजे अर्धं वाचणारा. ते पुढं कळेलच.) नागपूरच्या एका दुकानात मला रन-फ्लॅट टायर नावाची परदेशी चीज दिसली. बाजूनं इतका जाड की हवा पार निघून गेली तरी टायर बसत नाही, गाडी चालतच राहते. दुकानदार म्हणाला, "सर, बिनहवेचं ऐंशी किलोमीटर जाते." सोबत एक इंग्रजी पत्रक दिलं. मी पहिलं पान वाचलं आणि तिथंच विरघळलो.

घरी आल्यावर सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं.

"काऊन पाह्यजे हे? आपल्या रोडनं दर दोन मैलावर पंक्चरवाला बसून राह्यते. साधे टायर घ्या. पंक्चर झालं का ठिगळ मारलं अन् निघालो."

"पंक्चरवाल्याच्या तोंडाकडं पाहायचे दिवस गेले आता!"

"अन् जंगलात बिघडलं तं?"

"जंगलासाठीच तं घेऊन राह्यलो!"

घेतले. चारही घेतले. आणि स्टेपनी काढून टाकली! सुमन म्हणाली, "राहू द्या न, काय खायले मागते का ते?" पण मी ऐकतो काय! रन-फ्लॅट लावायचे आणि वर डिक्कीत साधं चाक बाळगायचं, हा त्या टायरांचा अपमान होता. नेमके त्याच आठवड्यात आमचे भाऊजी, माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, पोरीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले. आलापल्लीच्या अलीकडं त्यांचं गाव. घरी धानाची शेती, आणि तलावात मासेमारी. भाऊजींनी अंगणात पडलेली स्टेपनी उचलून पाहिली, ट्यूब दाबून पाहिली.

"ट्यूब बेस हाय, मास्तर. यावर बसून तलावात जाळं टाकता येते. नेऊ का?"

"न्या! अख्खं चाक न्या!" मी राजासारखा म्हणालो. त्यांनी ते एसटीच्या टपावर टाकून नेलंसुद्धा.

पत्रिकेच्या कोपऱ्यात भाचीनं, मंगलनं, पेनानं लिहिलं होतं: 'मामा, टाइमावर ये. तू नाई आला तं मी मांडवात पाय ठेवत नाई.' आमच्याकडं नवरीनं मामाची साडी नेसायची, मामानं हात धरून तिला मांडवात आणायचं आणि अंतरपाटापाशी तिच्या पाठीशी उभं राहायचं. मंगलला मामा एकच, आणि तो मी. सायकलच्या दांडीवर बसवून या पोरीला मी पाढे शिकवले होते. ती ओळ वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू!

लग्नाला आठ दिवस होते. तेवढ्यात शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी सर्वांसमोर विचारलं, "बिनहवेची गाडी? फेकून राह्यले का मास्तर?" झालं! मी तिथल्या तिथं समोरच्या डाव्या चाकाची हवा सोडली आणि सरांना मैदानाला पाच फेऱ्या मारून आणलं. मग मुख्याध्यापकांना. मग शेजारच्या काकूंना भाजीबाजारात. दुसऱ्या दिवशी चित्रकलेचे सर आणि मी थेट राजुऱ्याला जाऊन चहा पिऊन परत आलो, चाकात हवेचा थेंब नसताना! गावात माझं नाव झालं. संध्याकाळी चाकात पुन्हा हवा भरली आणि मायेनं त्याच्यावर थाप मारली. विश्रांती मिळाली, आता हे पुन्हा ऐंशी जाणार, असा माझा हिशेब. मी गणिताचा मास्तर आहे हे वर सांगितलंच आहे.

लग्नाचा मुहूर्त साडेअकराचा. सहाला निघायचं ठरलं, पण गाडी धुण्यात साडेसात वाजले. स्टेपनीच्या खड्ड्यात सुमननं शिदोरीचे डबे ठेवले आणि मामाची साडी मात्र मांडीवर घेऊन बसली. आष्टीला चहाला थांबलो तर पलीकडच्या दुकानातला पंक्चरवाला धावत आला.

"भाऊ, समोरच्या डाव्या चाकात खिळा हाय! बैलाच्या नालाचा दिसते. हवा गेली पूर्ण."

"जाऊ दे!" मी घोट घेत म्हणालो.

त्यानं सुमनकडं पाहिलं. "तब्येत बरी हाय न भाऊची?"

"दहा मिनिटात काढून देते तो," सुमन दात आवळून म्हणाली. "काढून घ्या. हात जोडते."

"आलापल्ली इथून ऐंशीच्या आत आहे. याच क्षणासाठी घेतले टायर!" आणि मी त्या पंक्चरवाल्याला हात हलवून निरोप दिला. पुढं रस्त्यात आणखी दोन दुकानं लागली. सुमन प्रत्येकाकडं बोट दाखवायची, मी प्रत्येकाला हॉर्न वाजवायचो.

सागाच्या जंगलात शिरल्यावर आधी जळकट वास आला. मग गाडी फदफद करू लागली. मग समोरच्या डाव्या बाजूनं काळी चिंध्यांची गुंडाळी उडून झाडीत गेली, ती माझ्या टायरची होती! रिम डांबरावर घासत गाडी थांबली. मोबाइलला रेंज नाही, माणूस नाही. साडेदहा वाजले होते आणि गाव अजून दहा-बारा किलोमीटर.

थोड्या वेळानं मागून एसटी आली. सुमननं साडी छातीशी धरली, शिदोरीचे डबे उचलले आणि हात दाखवून गाडी थांबवली.

"चला, बसा. पोरगी वाट पाहून राह्यली."

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? बसेल. मी म्हणालो, "गाडी टाकून येणार नाही! गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय की मामा नव्या टायरांवर येणार. एसटीनं उतरलो तर नाक कापलं जाईल."

"नाक घेऊन बसा मंग!" सुमन म्हणाली. कंडक्टरनं घंटी मारली आणि एसटी गेली.

एकटा पडलो तेव्हा खिशातलं पत्रक काढलं आणि पहिल्यांदाच त्याचं दुसरं पान वाचलं. त्याचा अर्थ असा होता की बिनहवेचे ऐंशी किलोमीटर टायरच्या आयुष्यात एकदाच मिळतात आणि त्यानंतर टायर बदलायचा. म्हणजे ते ऐंशी मी मुख्याध्यापक, काकू आणि राजुऱ्याचा चहा यांच्यावर उधळून बसलो होतो! साडेअकरा होऊन गेले. दांडीवर बसून सातचा पाढा म्हणणारी मंगल डोळ्यांसमोर येत होती, आणि मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत.

बारा वाजता मोटारसायकलचा आवाज आला. अंगाला हळद, डोक्याला फेटा, आणि कमरेमागं दोरीनं बांधलेलं चाक! नवरीचा बाप लग्न सोडून आला होता.

"भाऊजी, तुम्ही? अहो, मांडव कोण..."

"सुमनबाई बोलल्या, मास्तर गाडी सोडून येत नाईत, चाकच घेऊन जा." ते चाक सोडता सोडता म्हणाले. "अन् मंगल उठत नाई. साडी नेसून बसली हाय अन् म्हणते, मामा आल्याबिगर नाई. नवरदेव बाशिंग बांधून घाम पुसून राह्यला. चला, जॅक काढा!"

चाक माझंच होतं, ती दान केलेली स्टेपनी. पण हाताला अगदी टणक लागलं आणि बाजूच्या एका जुन्या कापातून पिवळ्या काड्या बाहेर आल्या होत्या.

"ट्यूब कुठी हाय याची?"

"तलावात. जाळ्यापाशी." भाऊजी पाना फिरवत म्हणाले. "आतमंदी धानाची तणीस ठासली. पाहुणे लावले होते चार. आमच्या इथी बैलबंडीच्या टायरातली हवा गेली का आम्ही असंच करतो. हळू चालवा फक्त."

मी जॅक उतरवला आणि निघालो. पुढं मोटारसायकलवर हळद माखलेला नवरीचा बाप हॉर्न वाजवत, मागं मी, आणि चाकाच्या दर फेऱ्याला गाडीतून 'धप्' असा आवाज. वाटेत तणसाच्या काड्या सांडत सांडत आम्ही मांडवासमोर पोचलो. वाजंत्री वाजायची थांबली, असं ते दृश्य होतं.

मंगल दारातच उभी होती, माझी साडी नेसून. रडून डोळे सुजलेले. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग गाडीकडं.

"मामा, चाकाले मिशा काऊन आल्या?"

आणि ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मीही तेच केलं. तिचा हात धरून मांडवात आणली, अंतरपाटापाशी पाठीशी उभा राहिलो. माझ्या काळ्या बोटांचे पाच ठसे त्या नव्या साडीच्या पदरावर उमटले. मंगलनं ती साडी अजून धुतलेली नाही असं म्हणतात.

जेवणाच्या पंगतीत सुमन माझ्या कानाशी आली. "आता तरी म्हणा, साधे टायर बरे होते."

"कशाला म्हणू?" मी जिलेबी मोडत म्हणालो. "बिनहवेचं चाक चालते असं मी म्हटलं होतं का नाही? मग? चाललं! दहा किलोमीटर चाललं, सगळ्या गावानं पाहिलं!"

तिनं फक्त मांडवाबाहेर बोट दाखवलं. गाडीपाशी भाऊजींची गाय उभी होती आणि त्या कापातून काडी काडी ओढून शांतपणे खात होती. समोरचा डावा टायर पार बसला होता.

आम्ही एसटीनं परत आलो. मी खिडकीशी बसून दर दोन मैलांवरची पंक्चरची दुकानं पाहत होतो, आणि आष्टीच्या त्या पंक्चरवाल्यानं मला ओळखून हातही हलवला. तरी सांगतो, माझं मत बदललेलं नाही. बिनहवेचा टायरच उत्तम. फक्त गाडी उभी करताना गाय बांधलेली आहे ना, तेवढं पाहून घ्यावं.