खाडीही पायीच

जन्मभर शिलाई मशीनपुढे बसलेले शिंपीकाका मेहुण्याला छातीठोक सांगून निघाले होते, "सहा दिवस किनाऱ्याने चालेन, एक इंचही वाहनाने जाणार नाही!" सहाव्या दिवशी शेवटचं गाव समोर दिसलं आणि मध्येच खाडी आडवी आली. होडीशिवाय इलाज नव्हता. काका चढले खरे, पण बसतील तर शपथ! होडीतच त्यांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या.

"अहो, बसा! सगळ्यांना बुडवाल!" सोबत चालत आलेल्या काकू ओरडल्या.

"बसलो तर तुझा भाऊ जन्मभर चिडवेल!"

धक्का हातभर उरला, होडी कलली आणि काका धपकन पाण्यात. पाणी जेमतेम कमरेएवढं. नाक शिंकरून ते ऐटीत चालत काठाला लागले.

"कळव भावाला, पायीच पोचलो!"

"कळवते. कसे पडलात, तेही कळवते!"