मामांचा स्टोव्ह आणि मातीची तवली

माझ्या आगरदांड्याच्या मामांइतका अन्नाला भिणारा माणूस सगळ्या कुलाबा जिल्ह्यात नव्हता. अन्नाला म्हणजे ते ज्या भांड्यात शिजलं, त्याला. लग्नाला गेले की वधूवरांआधी ते मांडवामागच्या आचाऱ्याला गाठत, पातेल्यात डोकं घालून कल्हई बघत, आणि ती उडालेली दिसली की आमटी कळकल्याचं पंगतभर जाहीर करून स्वतः कोरडा भात जेवत. पुढच्या कार्याला यजमान त्यांना बोलवत नसत. ॲल्युमिनियमच्या भांड्यात चिंच घालणाऱ्या शेजारणीला ते नवऱ्यादेखत ‘विष घालतेस’ म्हणाले. मग बरेच दिवस त्या घरी नवराच चुलीपुढे बसत होता.

मुंबईची गिरणी सोडताना मामांनी पंपाचा स्टोव्ह आणला. पेटवण्याआधी ते घरातल्यांना समोर उभं करून नियम सांगत: पंप फार मारायचा नाही, भडका उडाला तर हवा सोडायची, रॉकेलवर पाणी ओतायचं नाही. तोवर मामी चुलीवरचा भात उतरवून मोकळी होई.

त्यांच्या सुमनला बघायला खाडीपलीकडच्या दिघीची मंडळी येणार होती. आधीची दोन स्थळं हातची गेली होती, कारण मामांनी त्यांच्या घरी जाऊन पातेली तपासली होती. हेही गेलं तर पोर घरात राहील, या धास्तीनं मामीला झोप नव्हती.

त्या दिवशीचं कालवण आंबट, म्हणून मामांनी पितळेचं पातेलं बाद करून मातीची तवली काढली. इथवर बरोबर होतं. पण पाहुण्यांना स्टोव्ह दिसायला हवा, म्हणून तवली त्यावर चढवली.

“चुलीवर ठेवा,” मामी म्हणाली. “एकाच जागी जाळ लागून माती तडकंल.”

“धूर खाऊन तुझी अक्कल काळी पडलीय,” म्हणत मामांनी आणखी पंप मारला.

पाहुणे ओटीवर टेकतात तोच तवली तडकली, कालवण सांडलं आणि स्टोव्ह भडकला. मामांनी पाण्याची कळशी उचलली. सुमननं ती त्यांच्या हातून काढून घेतली, हवा सोडली आणि भडक्यावर ओलं गोणपाट टाकलं. मामांची व्याख्यानं घरात तिनं एकटीनंच मन लावून ऐकली होती.

मुलाची आई दारातून बघत होती. “पोरगी शानी हाय,” ती म्हणाली. “बापाकडं बघत बसलो तर लगीन व्हायचं न्हाय.” सुक्या बोंबलाशी भात जेवून मंडळींनी सुपारी फोडली.

लग्नानंतर सुमन होडीत बसली, तेव्हा मामांनी विहिणीला धक्क्यावर बाजूला घेतलं. “भांडी तुमची कशी का असंनात,” ते हळूच म्हणाले. “हात पोळला तरी ती सांगत न्हाय. तेवढं बघा.”

होडी खाडीच्या मध्यावर गेली. मामी दोनदा घरी चला म्हणाली. मामांना ऐकू आलं नसावं.